थायरॉइडची गोळी चालू, तरी टीएसएच उतरत नाही: डोस कमी आहे की गोळी अंगी लागत नाही?

गोकर्ण

वहिनींचे रिपोर्ट देते आहे, जाणकारांनी कृपया बघावेत. वय ४२, वजन ६८ किलो, अँटी-टीपीओ (थायरॉइड ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. मार्चमध्ये टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारं संप्रेरक) १४.२ आला, तेव्हा २५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली. मेमध्ये ५०ची केली. आता ऑगस्टमध्ये टीएसएच ८.४, एफटी४ (रक्तातलं मोकळं थायरॉइड संप्रेरक) ०.९ (लॅबची रेंज ०.८ ते १.८), एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १६८. तक्रारी त्याच: थकवा, सकाळी चेहऱ्यावर सूज, बद्धकोष्ठता, केस गळणे, पाळीत फार रक्तस्राव. डॉक्टर म्हणतात, आकडा उतरतोय, सहा महिन्यांनी बघू. गोळी रोज सकाळी न चुकता घेतात. डोस वाढवून मागावा का? मागायचा तर किती?

कोरांटी

डोसबद्दल बोलण्याआधी हे सांगा, "रोज सकाळी" म्हणजे नेमकं कसं? गोळीनंतर किती मिनिटांनी चहा? आणि दिवसभरात दुसरं काय काय चालू आहे? लोहाची गोळी, कॅल्शियम, मल्टिव्हिटॅमिन, ॲसिडिटीची गोळी, ईसबगोल, केसांसाठी काही, सगळं लिहा. "ते काही औषध नाही" म्हणून सोडलेलंच बहुतेक वेळा आडवं येतं.

शेवगा

तोवर हिशेब मांडून ठेवतो. ग्रंथी पूर्ण बंद पडलेली असेल (ऑपरेशननंतर किंवा रेडिओआयोडीननंतर) तर लेव्होथायरॉक्सिन (म्हणजे हीच थायरॉइडची गोळी) साधारण किलोमागे १.६ मायक्रोग्रॅम लागतं. ६८ किलोला १०९ होतात. हाशिमोटोमध्ये (अँटी-टीपीओ पॉझिटिव्ह असलेला यांचा बहुधा हाच आजार, शरीर स्वतःच्याच ग्रंथीवर हल्ला करतं) ग्रंथी थोडंफार काम करत असते, म्हणून इतकं लागेलच असं नाही. पण ५० हा शेवटचा डोस असण्यापेक्षा अर्ध्या वाटेवरचा मुक्काम असण्याची शक्यता जास्त. साठी उलटलेल्यांना आणि हृदयविकार असलेल्यांना हे गणित थेट लावायचं नाही. तिथे १२.५ किंवा २५पासून सुरू करून हळूहळू चढतात.

सहा महिन्यांचं अंतर डोस बसल्यानंतरचं. डोस बदलला की ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करायचा. या औषधाची अर्धआयु (शरीरातलं औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) सुमारे ७ दिवस आहे, त्यामुळे रक्तातली पातळी स्थिरावायला पाचसहा आठवडे लागतात. त्याआधी केलेली तपासणी फसवी आणि त्याहून फार उशीर म्हणजे अपुऱ्या डोसवर फुकट काढलेले महिने.

गोकर्ण

@कोरांटी, आज विचारून घेतलं. साडेसहाला गोळी, लगेच पाचदहा मिनिटांत दुधाचा चहा. आठला नाश्त्याबरोबर लोहाची गोळी (हिमोग्लोबिन ९.६ आहे). उपाशीपोटी ॲसिडिटीचं पॅन्टोप्रॅझोल, तेही साडेसहालाच. रात्री जेवणानंतर कॅल्शियम. केसांसाठी बायोटिन (एक ब जीवनसत्त्व) १० मिलिग्रॅम, दोन महिन्यांपासून. ईसबगोल अधूनमधून.

कोरांटी

मग निम्मं उत्तर इथेच आहे.

लोह आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतं आणि त्या जोडीचं शोषण होत नाही. दोघांमध्ये ४ तास हवेत, यांच्यात दीड तास आहे. मौज बघा: थायरॉइड कमी म्हणून पाळीत रक्त जास्त जातं, त्याने हिमोग्लोबिन उतरतं, म्हणून लोहाची गोळी येते, आणि तीच गोळी थायरॉइडच्या गोळीला अडवते. लोह बंद मात्र करायचं नाही, ते यांना हवंच आहे. फक्त वेळ बदलायची.

चहाचंही तेच. गोळी साध्या पाण्याच्या पूर्ण ग्लासाबरोबर, आणि पुढे किमान अर्धा तास, जमल्यास तासभर, पाण्याशिवाय काही नाही. दोन घोट चहासुद्धा नाही. आपल्याकडे नियम मोडतो तो नेमका इथे. सहाला गोळी घेतली तर सातचा चहा बिनधास्त. सहाला उठणं जमत नसेल तर झोपताना घेता येते, पण शेवटच्या खाण्यानंतर निदान ३ तासांनी. साडेनऊला जेवून अकराला झोपणाऱ्या घरात हे बसत नाही. शिवाय यांचं कॅल्शियम रात्री असतं, म्हणून सकाळच बरी.

लोह दुपारी १ ते २च्या दरम्यान लिंबू पिळलेल्या जेवणाबरोबर, त्याच्या आगेमागे तासभर चहा नाही. कॅल्शियम रात्रीच राहू दे. ईसबगोलही रात्रीच. मल्टिव्हिटॅमिन सुरू झालं तर तेही दुपारी, कारण त्यात बहुधा लोह आणि कॅल्शियम दोन्ही असतं.

पॅन्टोप्रॅझोलचा प्रश्न वेगळा आहे. ते पोटातलं आम्लच कमी करतं आणि गोळी नीट विरघळायला आम्ल लागतं, त्यामुळे नुसत्या वेळा बदलून ते सुटत नाही. ते अजून खरंच हवं आहे का, हे डॉक्टरांना विचारा. वर्षानुवर्षे सवयीने चालू राहणाऱ्या गोळ्यांत ही बरीच वरची आहे. हवीच असेल तर हरकत नाही, मग थायरॉक्सिनचा डोस थोडा जास्त लागेल एवढंच.

निंबोणी

बायोटिनकडे दुर्लक्ष नको. बऱ्याच लॅबच्या यंत्रांत टीएसएच आणि एफटी४ मोजण्याच्या पद्धतीतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असेल तर टीएसएच खोटा कमी आणि एफटी४ खोटा जास्त दिसू शकतो. म्हणजे तुमचा ८.४ प्रत्यक्षात त्याहून जास्तही असू शकेल. पुढच्या तपासणीआधी किमान २ दिवस बायोटिन बंद ठेवा. थायरॉइडमुळे गळणारे केस बायोटिनने थांबत नाहीत, टीएसएच जागेवर आल्यावर तीनसहा महिन्यांनी फरक दिसतो.

रक्त देण्याच्या दिवशी गोळी रक्त दिल्यानंतर घ्यायची. आधी घेतली तर पुढचे काही तास एफटी४ फुगलेला दिसतो. दर वेळी तीच लॅब आणि तीच वेळ ठेवा, कारण टीएसएच पहाटे जास्त आणि दुपारी कमी असतो. एकदा सकाळी ७ला आणि एकदा दुपारी ३ला दिलेल्या रक्ताची तुलना करून डोस बदलण्यात अर्थ नाही.

शेवगा

@कोरांटी, वेळा सुधारणं मान्य. पण टीएसएच ८.४, एवढ्या तक्रारी, वर एलडीएल १६८. यांनी आणखी दोन महिने ५०वरच काढायचे? ७५ आत्ताच का नको?

कोरांटी

कारण दोन्ही एकदम बदललं तर काय लागू पडलं ते कळणार नाही. आत्ता समजा ५०मधलं बरंचसं वाया जातंय. वेळा सुधारल्यावर ५०च नीट पोचेल, त्यात ७५ केली तर उडी दिसते त्यापेक्षा मोठी ठरते. मग छातीत धडधड, हात थरथरणं, झोप उडणं, आणि पुन्हा डोस खाली. मधला मार्ग म्हणून डॉक्टर ६२.५ करू शकतात. ती ताकद दुकानात नसेल तर एक दिवस ५०, एक दिवस ७५. औषध शरीरात आठवडाभर टिकत असल्याने एक दिवसाआड चालतं, बघायची ती सरासरी. त्रास जास्त असेल तर मी ६२.५ला नाही म्हणणार नाही. ७५ मात्र पुढच्या रिपोर्टनंतर.

शेवगा

६२.५ पटलं. आता डॉक्टरांशी बोलायचं कसं ते. "डोस कमी वाटतोय" म्हणून काही होत नाही. एका कागदावर तारीख, डोस, टीएसएच, एफटी४, वजन असे रकाने आखा. खाली सगळ्या औषधांच्या आधीच्या आणि बदललेल्या वेळा लिहा. मग दोनच प्रश्न: "टीएसएच कितीपर्यंत आणायचा?" आणि "६ आठवड्यांनी तपासून डोस बदलायचा का?" या वयात बहुतेक जण साधारण ०.५ ते ४मध्ये ठेवतात. टीएसएच फार खाली दाबू नका, ०.१च्या खाली राहिला तर हाडं ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो.

टीएसएच २वर येऊनही थकवा राहिला तर डोस चढवत बसू नका. फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी१२, ड जीवनसत्त्व आणि साखर बघा. ९.६ हिमोग्लोबिन असलेल्या बाईला थकवा यायला थायरॉइड लागत नाही, आणि एवढ्या रक्तस्रावासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनाही एकदा दाखवाच.

निंबोणी

ब्रँडचं राहिलं. थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स, कोणताही चालेल, पण एकच धरा. दुकानदाराने दुसरा दिला आणि तो चालू ठेवला तर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा करा. ही गोळी उष्णता, उजेड आणि ओल यांनी खराब होते. बाटली ओट्यावर, गॅसशेजारी नको. पावसाळ्यात महिन्याच्या गोळ्या स्टीलच्या डबीत काढून ठेवू नका, मूळ बाटलीतच झाकण घट्ट लावून ठेवा.

कोबी-फ्लॉवर सोडायची गरज नाही, शिजवून नेहमीएवढी खाल्ली तर काही होत नाही. सोयाबीनही सोडायला नको, फक्त गोळीच्या जवळपास नको.

गोकर्ण

सगळ्यांचे आभार. असं ठरवलंय: ६ला गोळी आणि पाणी, ७ला चहा-नाश्ता, १:३०ला लोह, रात्री ९ला जेवणानंतर कॅल्शियम, १०:३०ला ईसबगोल. बायोटिन बंद. पॅन्टोप्रॅझोल आणि ६२.५बद्दल सोमवारी डॉक्टरांना विचारणार. सकाळी गोळी घ्यायची विसरली तर?

कोरांटी

वेळापत्रक ठीक. विसरली तर त्याच दिवशी संध्याकाळी, खाऊन ३ तास झाल्यावर आणि दुपारच्या लोहानंतर ४ तास सोडून. म्हणजे यांच्याबाबतीत साडेपाचनंतर, तेही तोवर चारचा चहा-बिस्किट झालं नसेल तर.