'अनिकेत' म्हणजे बेघर? बारशाआधी खात्री हवी

घोडबंदरकर
बारसं रविवारी, ठाण्यातच. नाव 'अनिकेत' जवळपास ठरलंय. पण घरातली मोठी मंडळी म्हणतात, ज्याला घर नाही तो अनिकेत, असलं नाव कशाला? नेटवर 'जगाचा स्वामी' असा अर्थ सापडला. खरा कोणता? आणि नि पहिली की दुसरी?

नौपाडा_वाचक
'जगाचा स्वामी' सोडून द्या, या शब्दात स्वामी कुठेच नाही. फोड अ + निकेत. निकेत म्हणजे घर. विद्यानिकेतन, शांतिनिकेतन यांतलं निकेतन त्याच कुळातलं. समास नञ् बहुव्रीही: ज्याला निकेत नाही तो. म्हणजे मोठ्यांची फोड बरोबर आहे, पण 'बेघर' या शब्दातली लाचारी यात नाही. गीतेच्या 12व्या अध्यायातल्या 19व्या श्लोकात देवाला प्रिय असलेल्या भक्ताला 'अनिकेतः स्थिरमतिः' म्हटलंय. निंदा-स्तुती सारखी मानणारा, मिळेल त्यात समाधानी असा तो. ज्ञानेश्वरीत इथे आधी वाऱ्याचा दाखला येतो, त्याचं एका जागी बिऱ्हाड नसतं. आणि मग 'हें विश्वचि माझें घर । ऐसी मती जयाची स्थिर'. ही ओवी मोठ्यांना वाचून दाखवा. बऱ्याच जणांना ती पाठ असते, फक्त ती अनिकेत या शब्दावरची आहे हे लक्षात नसतं.

ऐरोली_शब्दकोश
नकाराला बिचकू नका. अशोक, अभय, अमर, अक्षय ही सगळी 'अ'चीच नावं. अजय तर तत्पुरुष म्हणून, म्हणजे 'जय नाही' असा, सोडवला तर 'पराजय' होतो, तरी ते नाव कुणी टाळत नाही. अर्थात 'अ' लागला की नाव चांगलंच, असंही नाही, अनाथसुद्धा बहुव्रीहीच. शब्द कुणासाठी वापरला गेलाय ते बघायचं.
निकेत 'कित्' धातूपासून. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, त्याचे अर्थ दोन: राहणे आणि रोग घालवणे. दुसऱ्यावरून चिकित्सा. केतन म्हणजेही घर, पण त्याला निशाण असाही अर्थ आहे. म्हणून मदन हा मकरकेतन, ज्याच्या निशाणावर मकर आहे तो.

नौपाडा_वाचक
नि पहिलीच. 'अनीकेत' लिहिलंत तर 'अनीक' दिसतं, म्हणजे सैन्य. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, ती नावाशिवायही होते. नाव 12 महिन्यांत घातलं तर शुल्क नाही, नंतर विलंबशुल्क लागतं. दाखल्यावर नाव मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येतं, म्हणून अर्जावरच दोन्ही अक्षर-अक्षर तपासा. इंग्रजीत शेवटी नुसता टी ठेवा. पुढे एच जोडलात तर आपल्याकडे 'अनिकेथ' वाचतील, आणि मग दुरुस्तीचा वेगळा अर्ज.

घोडबंदरकर
ओवी आजच दाखवते. हाक मारायला 'अनि' चालेल का?

ऐरोली_शब्दकोश
खुशाल. फोड तिथे पडत नाही एवढंच. अनंत म्हणजे अन् + अंत, कारण पुढे स्वर आहे. इथे पुढे 'न' आहे म्हणून नुसता अ. त्यामुळे 'अनि'ला स्वतःचा अर्थ नाही, ती लाडाची हाक. 'निकेत' अशी हाक मारलीत तर मात्र अर्थ सरळ 'घर' होईल.