मदत हवी आहे: जर्मनीत नववीतल्या मुलाचं प्राक्टिकुम आणि श्यूलरफिर्मा

नेकारकाठ

मुलगा श्टुटगार्टजवळच्या रेआलशुलमध्ये (माध्यमिक शाळेचा एक प्रकार) नववीत आहे, नुकतीच १५ पूर्ण झाली. मार्चमध्ये आठवडाभराचं प्राक्टिकुम, म्हणजे एखाद्या दुकानात किंवा कंपनीत कामाचा अनुभव, आहे आणि जागा मुलांनीच शोधायची आहे. ऑक्टोबर संपत आला. सहा ठिकाणी ईमेल पाठवून झाले, एकाचंही उत्तर नाही. माझ्या आयटी कंपनीत सोय होईल, पण त्याला हाताने करायची कामं आवडतात. सायकल खोलायला बसला की जेवणाची शुद्ध नसते.

दुसरा प्रश्न. शाळेत वेबेएस म्हणजे अर्थव्यवहार आणि व्यवसाय मार्गदर्शनाच्या विषयात वर्गाची श्यूलरफिर्मा सुरू होते आहे. मुलांनीच चालवायची छोटी कंपनी. आमच्याने घरचा चिवडा विकायची कल्पना मांडली आहे आणि वर्गाला ती आवडली आहे. कागदपत्रं काय लागतील? लोक कुठे चुकतात?

डोंबिवली ते डॉर्टमुंड

आधी प्राक्टिकुम. कृपया त्याला तुमच्या ऑफिसात नेऊ नका. पंधरा वर्षांच्या मुलाला तिथे कोणी खरं काम देणार नाही. आठवडाभर कोणाच्या तरी स्क्रीनकडे बघत बसेल आणि वहीत लिहायला काही मिळणार नाही.

ईमेलला उत्तर येत नाही यात नवल नाही. पाच-सात माणसांच्या वर्कशॉपमध्ये सामायिक पत्त्यावरचे ईमेल वाचायला वेगळं माणूस नसतं. फोन करायचा, आणि तो मुलानेच. आईवडिलांनी केलेला फोन इथे उलट परिणाम करतो, मुलाला स्वतःला रस नाही असा अर्थ घेतला जातो. सकाळी दुकान उघडताना किंवा जेवणाच्या सुट्टीत नको, दुपारी तीननंतर बरं. पहिल्या वाक्यात नाव, शाळा, इयत्ता. मग "इश झूखं आइनन प्राक्टिकुम्सप्लात्स" (मी प्राक्टिकुमची जागा शोधतोय) आणि लगेच तारखा. तारखा सांगितल्या नाहीत तर समोरचा कॅलेंडर उघडून बघतच नाही, "नंतर कळवतो" म्हणतो आणि विषय तिथेच संपतो.

हो म्हणाले की त्याच दिवशी बेवेर्बुंग (अर्ज) पाठवायची: एक पानी पत्र, एक पानी लेबेन्सलाउफ (स्वतःची माहिती), शेवटच्या त्साइग्निसची (प्रगतीपुस्तकाची) प्रत. पत्रात "मला तांत्रिक गोष्टींची आवड आहे" असं मोघम लिहू नका. मागच्या चाकाचा गियर केबल बदलता येतो, असं नेमकं लिहा. सायकलच्या दुकानवाल्याला या एका ओळीत मुलगा कळतो.

सायकल दुकानाखेरीज सुतारकाम, इलेक्ट्रिशियन, दातांच्या कवळ्या बनवणारी प्रयोगशाळा, चष्म्याचं दुकान यांनाही विचारा. हांडवेर्क्सकामरच्या (कारागीर व्यवसायांच्या मंडळाच्या) संकेतस्थळावर प्राक्टिकुमच्या जागा पिनकोडनुसार शोधता येतात. मोठ्या गाडी कंपन्यांचा नाद यंदा सोडा, तिथल्या जागा बऱ्याच महिने आधी भरतात.

शिवणयंत्र

कागदपत्रांचं सांगते. प्राक्टिकुम शाळेमार्फत असेल तर अपघात विमा शाळेकडून असतो. मात्र मुलाच्या हातून दुकानातली वस्तू मोडली तर भरपाई कोण देणार, हे राज्याराज्यात वेगळं आहे. शाळेला विचारा आणि घरची हाफ्टप्फ्लिष्ट (दुसऱ्याच्या नुकसानभरपाईची) पॉलिसीही तपासा. पगार मिळत नाही, किमान वेतनाचा कायदा या प्राक्टिकुमला लागू नाही.

बेकरी किंवा स्वयंपाकघर निवडलं तर गेझुंडहाइट्सआम्टची (सरकारी आरोग्य कार्यालयाची) बेलेरुंग, म्हणजे स्वच्छतेचे नियम समजावून दिल्याचा दाखला, लागते का ते विचारून घ्या. पहिल्या कामाच्या दिवशी तो दाखला ३ महिन्यांहून जुना चालत नाही, त्यामुळे मार्चसाठी आत्ता काढून उपयोग नाही. बालवाडी किंवा हॉस्पिटल असेल तर गोवराच्या लसीचा पुरावा लागतो. १ मार्च २०२० पासून तसा कायदा आहे. भारतातलं लसीकरण कार्ड असेल तर आधीच बालरोगतज्ज्ञांना दाखवून इथल्या लसीकरणाच्या पिवळ्या पुस्तिकेत नोंद करून घ्या. भारतात पहिला डोस ९व्या महिन्यात देतात, आणि इतक्या लवकरचा डोस धरायचा का हा प्रश्न तिथेच विचारला जातो. वर्कशॉप असेल तर सेफ्टी शूज कोण देणार हेही फोनवरच विचारा.

आता चिवडा. मुलांचा उत्साह मोडायचा नाही, पण पहिलं उत्पादन म्हणून चिवडा घेऊ नका. युरोपीय नियमांत सांगावेच लागतात असे १४ ॲलर्जीकारक घटक आहेत. त्यांतले शेंगदाणे, काजू, मोहरी आणि तीळ तुमच्या एका पाकिटात येतात. पाकीटबंद विकायचं तर घटकांची यादी, त्यात हे शब्द ठळक, निव्वळ वजन, मुदत, नाव-पत्ता, सगळं छापावं लागतं. घरच्या स्वयंपाकघरातून नियमित विक्री म्हटली की अन्नसुरक्षा खात्याकडे नोंद आली. शिवाय मधल्या सुट्टीत शेंगदाण्याची ॲलर्जी असलेलं एखादं मूल हात घालेल ही भीती कोणत्याही शिक्षकाला असणारच. चिवडा शाळेच्या महोत्सवात एक दिवस ठेवा, शिक्षकांच्या देखरेखीत, घटकांची पाटी लावून.

त्याऐवजी कापडी पिशव्या बघा. हिशोब असा. कापड १.४० मीटर पन्ह्याचं, ८ युरो मीटर धरू. ४० × ९० सेंटिमीटरचा एक तुकडा तळाशी दुमडला की एक पिशवी. ९० सेंटिमीटर लांबीत तीन तुकडे बसतात, म्हणजे पिशवीमागे कापड २.४०. बंदासाठी तयार पट्टी १.३० मीटर, ०.८० दराने १.०४. दोरा ०.१६, लेबल ०.२०. झाले ३.८०. मुलं लगेच म्हणतात ५ युरोला विकू. थांबवा. दहात एक पिशवी शिवणीत बिघडते, म्हणजे विकण्याजोगी पिशवी ४.२२ ला पडली. ५ ला विकून हातात ७८ सेंट. ७ युरो ठेवा. ३० शिवल्या, २७ विकल्या, तर १८९ आले, ११४ गेले, ७५ उरले. भांडवलाला १० युरोचे २० हिस्से पुरेत.

कापड बेतण्याआधी एकदा धुवून वाळवा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं. न धुता शिवलं तर पिशवी आखडते, पट्टी आहे तेवढीच राहते आणि शिवणीपाशी चुण्या पडतात.

ल्योनकर

तुलनेसाठी: फ्रान्समध्ये हे त्रोआझिएममध्ये (तिथली नववी) असतं, १४-१५ व्या वर्षी, ५ दिवस, बहुतेक नुसतं निरीक्षण. शाळा, कंपनी आणि पालक यांच्या सहीचं काँव्हांस्याँ (करारपत्र) पहिल्या दिवसाआधी तयार नसेल तर कंपनी मुलाला आत घेत नाही. २०२४ पासून सगाँदच्या (त्यापुढच्या वर्षाच्या) मुलांना जूनमध्ये आणखी दोन आठवडे आहेत. फिनलंडमध्ये यालाच टेट म्हणतात. आयर्लंडमध्ये तर ट्रान्झिशन इयर हे अख्खं वर्ष आहे, त्यात कामाचा अनुभवही येतो आणि मिनी कंपनीही.

श्यूलरफिर्मात मुलाने कोणती जबाबदारी घ्यावी हेही सुचवतो. सगळ्यांना प्रमुख व्हायचं असतं, हिशोब आणि खरेदी कोणी मागत नाही. तुमच्या मुलाने खरेदी मागावी. युरोपीय आयोगाने २०१६ साली मांडलेल्या आंत्रकॉम्प या उद्योजकतेच्या क्षमतांच्या चौकटीत १५ क्षमता आहेत. साधनं जमवणं, पैशाचा अंदाज, अनिश्चिततेत निर्णय यांची त्यातली तालीम खरेदी करणाऱ्यालाच होते. कापडवाल्याने निम्माच माल दिला तर काय करायचं, हे त्यालाच ठरवावं लागतं.

नेकारकाठ

मनापासून आभार. आज त्याने स्वतः चार फोन केले. तिसऱ्या सायकल दुकानाने हो म्हटलं! पण वेळ ९ ते ६ सांगितली आहे, मध्ये एक तास सुट्टी, आणि शनिवारीही ये म्हणतात. मुलगा आनंदात सगळ्याला हो म्हणून बसला आहे.

डोंबिवली ते डॉर्टमुंड

वा, शाब्बास त्याची!

९ ते ६ मध्ये सुट्टी वजा जाता ८ तास होतात. शालेय सक्तीच्या वयातल्या मुलाला दिवसाला ७ आणि आठवड्याला ३५ तासांची मर्यादा आहे. ९ ते ५ करा. सहा तासांच्या वर काम असेल तर तासाभराची सुट्टी लागतेच, ती बरोबर आहे. शनिवार नको. शाळेच्या फॉर्मवर सोमवार ते शुक्रवार लिहिलं असेल तर शाळेचा विमा तेवढ्याच दिवसांचा. त्यानेच परत फोन करून सांगावं, फॉर्मवर असंच आहे म्हणून. दुकानवाल्यांना याची सवय असते, कोणी रागावत नाही. आणि दुकानाचा होकार नुसता तोंडी राहू देऊ नका. या आठवड्यातच फॉर्म घेऊन दुकानात जाऊन शिक्का आणि सही आणू दे. एक प्रत वर्गशिक्षकांना, एक घरी.