ल्युपसमध्ये अंगावर पाण्याचे फोड, डॉक्टरांनी डॅप्सोन दिलीय, घ्यायची का?

उचगावचा_पोरगा
नमस्कार मंडळी, जरा घाईतच लिहितोय. वहिनीला एसएलई, म्हणजे ल्युपस आहे (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार), सांधे दुखायचे आणि गालांवर लाली यायची एवढंच, एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी) आणि थोडं स्टेरॉईड चालू होतं, बरं चाललेलं. आता मानेवर, दोन्ही दंडांवर आणि ओठाच्या आतून फोड आलेत, द्राक्षाएवढे तट्ट फुगलेले, खाज फारशी नाही पण तिखट लागलं की डोळ्यात पाणी. शेजारच्या काकू म्हणाल्या नागीण हाय, गेरू लावा, आईनं लावला पण लगेच. राजारामपुरीतल्या स्किनच्या डॉक्टरांनी बायोप्सी केली, म्हणाले ल्युपसचेच फोड, बुलस एसएलई, आणि डॅप्सोन लिहून दिली. आईनं मोबाईलवर बघितलं तर ही कुष्ठरोगाची गोळी! तेव्हापासून घरात रडारड, पै-पाहुण्यांना कळलं तर काय, गोळी सुरूच करू देईना. कुणाला अनुभव आहे का?

मिरजकरीण
दादा, माझ्या धाकट्या बहिणीला अगदी हेच झालेलं. आमच्याकडं पण गोळीच्या नावावरनं सासरी कुजबुज झाली, शेवटी तिच्या नवऱ्यानं डॉक्टरांकडं सासूबाईंनाच समोर बसवलं तेव्हा विषय मिटला. गोळी चालू झाल्यावर दोन-तीन दिवसांतच नवे फोड यायचे थांबले, आधी नुसतं स्टेरॉईड वाढवून एवढा फरक नव्हता. जुने फोड सुकून काळे डाग राहिले, ते हळूहळू फिके होतायत. फोड फोडू नका, आणि तो गेरू आधी साध्या पाण्यानं हलक्या हातानं काढा.

त्वचा_रेसिडेंट
वहिनींना तपासलेलं नाही, त्यामुळं अंतिम शब्द तुमच्या डॉक्टरांचा. नागीण शक्यतो एकाच बाजूला पट्ट्यासारखी येते, इथं दोन्हीकडं आहे. पण स्टेरॉईडवरच्या पेशंटला खरी नागीण पण होते, म्हणून बायोप्सी केली ते बरं झालं. एक विचारा, इम्युनोफ्लुरोसन्ससाठी (कातडीत साचलेल्या अँटीबॉडी दाखवणारी तपासणी) वेगळा तुकडा घेतला होता का, तो फॉर्मलिनमध्ये टाकून चालत नाही. या आजारात शरीर स्वतःच्याच टाइप ७ कोलाजेनविरुद्ध अँटीबॉडी बनवतं, कातडीचा वरचा थर खालच्याला धरून ठेवणारा तोच, मग तिथं न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी गोळा होतात आणि थर सुटून पाणी भरतं. डॅप्सोन त्या न्यूट्रोफिलना आवरते. कुष्ठरोगात ती जंतूंवर चालते, इथं काम वेगळं, आणि वहिनींना कुष्ठरोग नाही हे आईंना स्पष्ट सांगा.

मात्र गोळीच्या आधी जी-सिक्स-पीडी टेस्ट झालीच पाहिजे, ते एन्झाइम कमी असेल तर रक्तपेशी फुटतात. नंतरही सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करत राहायचं. ओठ निळसर दिसले, दम लागला, किंवा काही आठवड्यांनी ताप आणि अंगभर पुरळ आलं तर गोळी थांबवून लगेच दाखवा. लघवीची तपासणी पण करा, या फोडांसोबत किडनीचा त्रास बऱ्याचदा सापडतो. आणि कातडी चादरीसारखी सोलायला लागली, डोळे-तोंड सोलवटलं, तर ओपीडीची वाट बघायची नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलची इमर्जन्सी गाठायची. ल्युपसमध्ये क्वचित टेनसारखं (अंगभर कातडी सुटून येणारा गंभीर आजार) पण होतं, त्यात जिवाला धोका असतो. स्टेरॉईड मनानं बंद करू नका.

रंकाळा_कट्टा
भावा, काकूंना चहा पाज आणि घरी पाठव 😄 वहिनीला गोळी पाहुणे देणार हायत का?

उचगावचा_पोरगा
गेरू काढला. जी-सिक्स-पीडीचं रक्त सकाळी देतोय, लघवीचं पण सांगितलं लॅबवाल्याला. ताई, तुमची सासूबाईंची आयडिया भारी, आईला सोबतच नेतो परवा. अजून एक, ढगाळ असलं तरी सनस्क्रीन लागतं का? वहिनी म्हणते ऊनच नाही तर कशाला.

त्वचा_रेसिडेंट
लागतं. ढगातून यूव्ही येतोच. फोड-जखमांवर नको, बाकी उघड्या अंगाला, आणि बाहेर पडताना फुल बाह्या.