एएफपी वाढलेलंच राहतंय, गाठ मात्र सापडत नाही. आनुवंशिक असेल का?

प्रश्न (लातूर): पेशंट 24 वर्षांचा. तीन महिन्यांत एएफपी (गर्भात बनणारं, मोठेपणी वृषण-यकृताच्या काही गाठींत वाढणारं रक्तातलं प्रथिन) 61, 58, 60 नॅनोग्रॅम प्रति मिली (नॉर्मल साधारण 10 च्या आत). वृषणाची सोनोग्राफी, पोटाचा ट्रिपल फेज सीटी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच (गाठीच्या इतर रक्ततपासण्या), हिपॅटायटिस बी-सी सगळं नॉर्मल. एका ठिकाणाहून केमोचा सल्ला आलाय. सुरू करावी का?

पॅथॉलॉजी, नांदेड: थांबा सर. गाठीचं एएफपी असं एका जागी बसत नाही, चढत जातं. आधी मशीनवर संशय घ्या. सीरम 1:2, 1:4, 1:8 पातळ करून लावा. आकडा त्या प्रमाणात उतरला नाही तर हेटेरोफिल अँटीबॉडीचा (तपासणीत अडकून खोटा आकडा देणारी पेशंटची अँटीबॉडी) घोळ. दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरही एकदा लावा. बायोटिनला (गोळ्यांतलं जीवनसत्त्व) दोष देऊ नका, सँडविच पद्धतीत (दोन अँटीबॉडींमध्ये पकडून मोजणं) ते आकडा पाडतं, चढवत नाही. आणि रिपोर्टवरचं एकक बघा, काही लॅब आययूमध्ये देतात: 1 आययू म्हणजे साधारण 1.21 नॅनोग्रॅम.

जेनेटिक्स, संभाजीनगर: मशीन बरोबर निघालं तर आई-वडील आणि भावंडांचं एएफपी करा. ही साधी तपासणी लोक विसरतात आणि पेट स्कॅन करत बसतात! पेशंटला लेकरू असेल तर ते दोन वर्षांचं होऊ द्या, तान्ह्या बाळात आकडा हजारोंत असतोच. आई किंवा वडिलांचंही चढलेलं निघालं तर हे घराण्यातलं. जनुकाची एक बिघडलेली प्रत पुरते, त्यामुळे निम्म्या मुलांत उतरू शकतं. आजार काहीच नसतो. एएफपीच्या जनुकाच्या प्रमोटरमध्ये (जनुक चालू-बंद करणारा भाग) -119 या जागी डीएनएचं अक्षर जीचं ए किंवा -55 ला सीचं ए झालं की एचएनएफ-1 (जनुक चालू करणारं प्रथिन) तिथे जास्त घट्ट बसतं आणि जन्मानंतर बंद पडायला हवं ते जनुक थोडं चालूच राहतं. एक्झोममध्ये (जनुकांचे फक्त प्रथिन बनवणारे भाग वाचणारी तपासणी) हा भाग बहुधा सुटतो, म्हणून लॅबला 'प्रमोटरचं सँगर' (तेवढाच भाग अक्षर-अक्षर वाचणं) असं स्पष्ट लिहून द्या. हे घराण्यातलं असल्याचं आधी न ओळखल्यानं निष्कारण केमो आणि वृषण काढण्यापर्यंत गेलेल्या केसेस नोंदलेल्या आहेत.

प्रश्न (लातूर): त्याची बहीण गरोदर आहे.

स्त्रीरोग, बीड: तिचं आधीच चढलेलं असेल तर मार्करमध्ये (गरोदरपणातली रक्ततपासणी) एएफपी वाढलेलं दिसेल आणि बाळाच्या मणक्यात दोष असल्याची शंका घेतली जाईल. निर्णय 18 ते 20 आठवड्यांच्या अॅनॉमली स्कॅनवर (बाळातले दोष बघणारी सोनोग्राफी) घ्या. उलटा प्रकारही असतो: एएफपी जवळपास शून्य. गरोदरपणाच्या तारखा आणि बाळाचे ठोके आधी तपासा. ते ठीक असतील, नात्यातलं लग्न असेल तर एएफपीचा जन्मजात अभाव आठवा. तिथे जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या लागतात, तरी बाळ निरोगी जन्मतं. त्या आकड्यावरून डाउन्सचा धोका सांगू नका.

जेनेटिक्स, संभाजीनगर: पेशंटच्या फाइलवर त्याचा नेहमीचा आकडा लिहा, 60. उद्या खरीच गाठ झाली तर तो 60 वरून चढेल, 10 वरून नाही.