मदत हवी आहे : गटात औषधांची जाहिरात घ्यावी का?

नमस्कार मंडळी, नाशिकहून लिहितोय. निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांचा आमचा ऑनलाइन गट आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर तर रोज पहाटेपासून फोटो पडतात. पानावर तेलकट पिवळा डाग, उलटं केलं की खाली पांढरी बुरशी. कोणीतरी लगेच सांगतं, "डाऊनी (केवडा रोग) आहे, आज फवारणी चुकवू नका." या सांगण्यात कोणाचा धंदा नाही, म्हणूनच लोक ऐकतात.

हवामान यंत्राची दुरुस्ती आणि मेसेजचा खर्च आजवर वर्गणीतून भागला. यंदा निम्म्यांची वर्गणी आलीच नाही. एक औषधविक्रेता वर्षाचा सगळा खर्च द्यायला तयार आहे, बदल्यात रोज एक जाहिरात.

माझं मन घेत नाही. जाहिरात बघून कोणी काढणीच्या तोंडावर चुकीची फवारणी केली आणि द्राक्षात औषधाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाला, तर युरोपला जाणारा माल अडकतो. वर्षाची मेहनत जाते हो! विकिपीडिया देणग्यांवर चालतो, जाहिरात घेत नाही. पण आम्ही जेमतेम दोनशे जण.

फक्त क्रेट, ठिबकवाल्यांच्या जाहिराती घेऊन कोणी गट चालवलाय का? आणि वर्गणी वेळेवर यावी म्हणून तुम्ही काय करता? रविवारी बैठक आहे, त्याआधी सांगा.