पाच जुने कॉम्प्युटर जोडून रेंडरिंग, पण वेळ काही वाचत नाहीये

कोपरखैरणेकर
मंडळी, मामाचं ऑफिस बंद झालं तेव्हा तिथले पाच कॉम्प्युटर भंगारात चालले होते, ते मी घरी आणलेत. प्रोसेसर म्हणाल तर एक आय५, एक आय३, एक अ‍ॅथलॉन आणि दोन कोर टू ड्युओ. आय५ मध्ये ८ जीबी रॅम, बाकी सगळ्यांत ४-४. सोसायटीच्या गणपतीत स्क्रीनवर लावायला २० सेकंदांचं अ‍ॅनिमेशन करतोय, सेकंदाला २४ च्या हिशोबाने ४८० फ्रेम. सगळ्यांवर लिनक्स आणि ब्लेंडर २.९३ (थ्री-डी अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर) टाकलंय. एक फ्रेम रेंडर करायला, म्हणजे तिचं तयार चित्र काढायला, आय५ ला ४ मिनिटं, आय३ ला ८, अ‍ॅथलॉनला १५ आणि कोर टू ड्युओला २० लागतात. प्रत्येकाला ९६ फ्रेम वाटून दिल्या, तर आय५ साडेसहा तासात मोकळा आणि कोर टू ड्युओ पार ३२ तास चालले. एकट्या आय५ वर सगळं टाकलं असतं तरी ३२ तासच लागले असते! आता लाइटिंग बदललंय म्हणून परत सगळं काढायचंय, काय करू? आणि पुढच्या सीनला ६ जीबी रॅम लागते, पाचांची मिळून २४ होते ना, ती एकत्र नाही का वापरता येणार?

नौपाडा_लिनक्स
अरे वाटणीच करू नको. ज्याचा हात रिकामा होईल त्याने पुढची फ्रेम उचलायची. ब्लेंडरच्या आउटपुटमध्ये ओव्हरराइट (असलेल्या फाइलवर परत लिहिणं) बंद कर, प्लेसहोल्डर्स चालू कर आणि पाचही मशिनवर एकच एनएफएस फोल्डर (नेटवर्कवरून सगळ्यांना दिसणारा) एकाच पाथवर माउंट करून सगळीकडे पूर्ण १ ते ४८० लावून दे. जी फ्रेम कोणी घेतली तिची रिकामी फाइल लगेच तयार होते, बाकीचे ती सोडून पुढे जातात. तुझ्या आकड्यांनी तासाला १५ + साडेसात + ४ + ३ + ३ म्हणजे साडेबत्तीस फ्रेम, पंधरा तासात काम उरकेल.

रॅमचं मात्र तसं होत नाही. प्रत्येक मशिन अख्खा सीन आपापल्या रॅममध्ये घेतं, त्यामुळे ६ जीबीचा सीन फक्त आय५ वर चालेल. टेक्स्चर (वस्तूंवर चढवलेली चित्रं) हलके कर नाहीतर सीनचे थर वेगवेगळे रेंडर करून नंतर जोड.

अमेरिकेत ओक रिज प्रयोगशाळेत हारग्रोव्ह आणि हॉफमन यांनी ९० च्या दशकात टाकून दिलेल्या पीसींचा असाच क्लस्टर (एकत्र काम करणारा गट) उभा केला होता, त्यावर त्यांनी देशाचा पर्यावरण-प्रदेशांचा नकाशा काढला. तिथेही वेगवान मशिनला जास्त काम मिळत होतं. मला तर हा प्रकार फार आवडतो, टाकाऊ म्हणून काढलेलं मशिन परत कामाला लागतं.

ऐरोलीची_मीनल
विजेचा हिशोबही बघ. एक मशिन १०० वॅट धरलं तर पाच जण पंधरा तासात साडेसात युनिट खातील. दोन्ही कोर टू ड्युओ बंद ठेवलेस तर अठरा तास लागतील पण साडेपाच युनिटमध्ये होईल, तीन तासांसाठी मी तरी ते दोन चालू ठेवणार नाही. एनएफएसचं फोल्डर चालू असलेल्या तिघांतल्याच एकावर ठेव, फाइली द्यायला तेवढं पुरतं. आणि मदरबोर्डवरचे जुने सेल बदल, सीआर२०३२ असतात. सेल मेला की घड्याळ मागे जातं आणि फाइलींच्या वेळा सगळ्या चुकतात, माझे दोन दिवस त्यातच गेले होते. रॅम काढून तिचे पाय खोडरबरने पुसून घे, आपल्याकडे खाडीच्या हवेत ते काळे पडतात.

कोपरखैरणेकर
दोघांचेही खूप आभार! तीनच मशिन लावले, काल संध्याकाळी सहाला सुरू केलं, आज दुपारी साडेबाराला संपलं. फक्त मधे अ‍ॅथलॉन एकदा रीस्टार्ट झालं तर ३११ नंबरची फाइल ० केबीची राहिली, ती सगळ्यांनीच सोडून दिली.

नौपाडा_लिनक्स
हो, ते व्हायचंच. शेवटी ० बाइटच्या सगळ्या फाइली शोधून डिलीट कर आणि आय५ वर परत तेच १ ते ४८० लाव, तेवढ्याच फ्रेम निघतील.