‘पुनरुज्जीवित’ की ‘नव्या संचात’? शारदाच्या पत्रिकेवर काय लिहायचं

करवीरकर: आमच्या ग्रुपचं ‘संगीत शारदा’ बसतंय. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाला २०२४ ला आग लागली तेव्हापासून छोट्या हॉलमध्येच तालमी, मग दिग्दर्शक म्हणाले प्रयोगही तिथंच करू, माईक नाही, पहिली रांग नटाच्या अगदी पुढ्यात, पदं एकेका कडव्यावर आणलीत, सगळा भर अभिनयावर. मी पत्रिकेत ‘पुनरुज्जीवित’ लिहिलं तर दिग्दर्शक चिडले, शारदा मेली कधी होती म्हणून. काय लिहू?

पेटीमास्तर: ‘नव्या संचात’ लिहा की. जाहिरातीत कायम तेच असतंय.

अनुस्वार: संच म्हणजे नटमंडळी. इथं बसवणंच वेगळं आहे. आणि ‘पुनरुज्जीवन’ला मेलेलंच लागतं असं नाही, निपचित पडलेलंही चालतं.

शिवाजीपेठकर: संहितेला कात्री लागली की रंगावृत्ती, तेच छापा. आणि अशा जवळून बघायच्या ‘इंटिमेट’ प्रयोगाला ‘समीप’ म्हणा, उगाच इंग्रजी नको.

करवीरकर: ‘समीप शारदा’ वाचून लोकांना नाटकाचं नावच बदललंय वाटंल ओ.

पेटीमास्तर: माझं दुखणं वेगळंय. कडवी गाळल्यावर वर ‘संगीत’ लावायचा हक्क राहतो का? आपले केशवराव पोरवयात शारदा करायचे, ‘मूर्तिमंत भीती उभी’वर थिएटर डोक्यावर घ्यायचे लोक!

अनुस्वार: मास्तर, ते पद म्हणजे भ्यायलेल्या पोरीचं बोलणं आहे, तिथं तानांची भेंडोळी कशाला? नाटककार देवल स्वतः नटांच्या तालमी घेणारे, १८९९ चं नाटक असून त्याची भाषा आजही घरातली वाटते. जवळून बघितलं तर ते कळतंय.

रंकाळाकाठ: आमची आजी कधी ‘पद गायलं’ म्हणायची नाही, ‘पद म्हटलं’ म्हणायची. त्यातच सगळं आलं.

पेटीमास्तर: आपण ‘गाणं म्हण’ पण म्हणतोच की, त्यात काय सिद्ध होतंय?

शिवाजीपेठकर: एवढं ताकदीचं नाटक, त्यावरून बालविवाहाविरुद्धचा शारदा कायदा आला.

अनुस्वार: नाही हो, तो हरबिलास सारडांवरून, १९२९ चा. सारडाचं शारदा आपल्या तोंडात झालं, नाटक आधीच घरोघरी होतं म्हणून, असं मला वाटतं.

शिवाजीपेठकर: आमच्या सरांनी वर्गात नाटकावरून असंच शिकवलंय.

करवीरकर: मंडळी, पत्रिका उद्या छापायला जायची आहे.

पेटीमास्तर: मग ‘संगीत’ काढा, बाकी काहीही लिहा.

रंकाळाकाठ: अजिबात काढू नका! ऑर्गन, तबला आहे ना स्टेजवर?